बॅकअप नसलेली प्रार्थना

सॉफ्टवेअरच्या कामात बॅकअप नसेल तर आम्हाला झोप लागत नाही. जपानमधल्या छुप्या ख्रिश्चनांनी मात्र आपला धर्म दोनशेहून जास्त वर्षं मुख्यतः मुलांच्या पाठांतरावर चालवला.

१६१४मध्ये शोगुनच्या सरकारने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६४४मध्ये तिथला शेवटचा पाद्री मारला गेला. येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून लोकांची परीक्षा घेतली जायची. मग नागासाकीच्या आसपासच्या गावांत शेतकरी आणि कोळी पुरुषांनीच पाद्रीची कामं वाटून घेतली. एक जण सणांच्या तिथ्या सांभाळायचा, एक जण बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. 'ओराशो' म्हणजे प्रार्थना. त्या थोरल्यांनी पोरांकडून तोंडी घोकून घ्यायच्या. पोरगा बाहेर बौद्ध, घरात ख्रिस्ती. खेळताना त्याच्या तोंडून एखादा शब्द निसटला, तर अख्खं घर धोक्यात. तरीही ते शिकवत राहिले.

पिढ्यांमागून पिढ्या लॅटिन झिजत गेलं. इकित्सुकी बेटावर 'ग्लोरिओसा'चं 'गुरुरियोझा' झालं. अर्थ हरवला, चाल टिकली. मला यात अडाणीपणा दिसत नाही. रामरक्षा मीही अर्थ कळण्याआधीच पाठ केली, आजोबा म्हणून घ्यायचे म्हणून.

१८६५मध्ये उराकामीचे गावकरी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना भेटले आणि आपण कोण आहोत ते सांगितलं. १८७३मध्ये बंदी उठली. काहींनी चर्चमध्ये न जाता वाडवडिलांचीच रीत धरून ठेवली. आज इकित्सुकीत ओराशो म्हणायला कुणाची मनाई नाही, पण शिकायला पोरं उरली नाहीत. ती नोकरीसाठी शहरात गेली, माझ्यासारखीच.