सामाईक विहीर आणि सतरा माणकं

घड्याळाचा इतिहास लिहिणारे बहुतेक स्वित्झर्लंडपासून सुरुवात करतात. आमच्या गावातला मनगटी घड्याळाचा इतिहास विहिरीपासून सुरू होतो. नगर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, आणि विहीर तिघा भावांत सामाईक. मोटेच्या काळात पाळी सावलीवर मोजायची. लिंबाची सावली थारोळ्याला टेकली की एकानं बैल सोडायचे, दुसऱ्यानं जुंपायचे. पहाटेची पाळी असली तर तिकांडं कुठवर उतरलं ते बघायचं. थोडं इकडंतिकडं झालं तर कुणी मनावर घेत नसे.

मग डिझेलचं इंजिन आलं. त्याच्या पाण्याला सावलीचं माप पुरेना. पाळ्या तासांवर ठरल्या आणि तास कुणाच्या घड्याळाचा, यावरून भांडण लागलं. तोवर गावात हातातली घड्याळं दोनच. एक शाळेतल्या मास्तरांचं, दुसरं पलटणीतून पेन्शनवर आलेल्या हवालदारांचं फेवर लुबा. स्विस माल, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मास्तर दर सुट्टीत आपल्या गावी जायचे, म्हणजे सुट्टीभर आमचा न्याय बंद.

याच सुमारास तिकडं बंगळुरात एक गोष्ट घडत होती. यंत्रं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान मशीन टूल्सनं, म्हणजे एचएमटीनं, जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढं त्यातलं एक साधं, रोज चावी द्यायचं घड्याळ घरोघर पोचलं. त्याचं नाव ‘जनता’. काही तबकड्यांवर हे नाव देवनागरीतच छापलेलं असे. आत सतरा ज्युएल. आमच्याकडं सगळ्यांची खात्री, की ही सतरा खरी माणकं आहेत आणि अडीनडीला सोनाराकडं मोडता येतील. असतात ती माणकंच, पण कारखान्यात तयार केलेली, मोहरीएवढी. चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवतात. आतलं बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. एवढा घासा सोसायचा तर दगडही तसाच कठीण लागतो.

त्याच १९६१ साली दुसरी एक गोष्ट दिल्लीत झाली. हुंडाबंदीचा कायदा आला. कायद्याची बातमी गावात कधी पोचली ठाऊक नाही, घड्याळ मात्र वेळेवर पोचलं. लग्नाच्या बैठकीत आता नवी ओळ आली. अंगठी, सायकल आणि हातातलं घड्याळ. हुंडा म्हणायचं नाही, ‘पोराची हौस’ म्हणायचं. त्या काळातले लग्नाचे फोटो काढून बघा. नवरदेवाची बाही दुमडलेली असते आणि डावा हात उगीचच पुढं आलेला असतो.

आमच्या वडलांचं ‘जनता’ १९६८ चं, लग्नातलं. त्यावर आमच्या विहिरीच्या पाळ्या चालल्या. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना ते लावायचं, मग दोन्ही चुलते आपापली लावून घ्यायचे. तरी दहा मिनिटांचा फरक निघायचाच, आणि उन्हाळ्यात दहा मिनिटांत उसाचा अर्धा वाफा भिजतो. एकदा फावडी उगारण्यापर्यंत गेलं होतं. आईचा त्या घड्याळाशी संबंध एवढाच, की ते दिवळीत ठेवलेलं असताना त्यावर पाणी उडू द्यायचं नाही. तिच्या हाताला ते कधी लागलं नाही. बायकांच्या मनगटावर घड्याळ आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिलं ते सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या.

वडील गेल्यावर घड्याळ माझ्याकडं आलं. पुण्यात जुन्या घड्याळांच्या शौकिनांची आमची एक मंडळी आहे. रविवारी जमतो, टेबलावर टॉवेल अंथरतो आणि एकेकजण हातातलं काढून ठेवतो. पायलट, कोहिनूर, सोना, जवान, एखादं आपोआप चावी बसणारं कांचन. पुढं टायटन आलं, क्वार्ट्झनं चावीची घड्याळं मागं टाकली आणि २०१६ साली सरकारनं एचएमटीच्या घड्याळांचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली. ज्या घड्याळाला भंगारवाला विचारत नव्हता, त्याला लोक शोधत फिरू लागले. जुन्या तबकड्या रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकात घालून विकणं सुरू झालं. परदेशातले शौकीन असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

माझं ‘जनता’ भिंग लावून बघणाऱ्यानं सौम्यपणे सांगितलं, “डायल पुन्हा रंगवलंय, काटे दुसरे आहेत. ओरिजिनल नाही.” त्याचं खरंच होतं. पण त्यानं मागचं झाकण उघडलं तेव्हा आत घड्याळजीनं टोचणीनं कोरलेल्या बारीक खुणा दिसल्या. आमच्या तालुक्याच्या घड्याळजीची ती रीत, सर्व्हिसिंग केलं की साल कोरायचं. ७०, ७१, मग थेट ७५. मधली वर्षं दुष्काळाची. ७२ साली वडील खडी फोडायला जात होते, तिथं घड्याळ दुरुस्त करून कोण घेणार? नंतर ७८, ८१, ८६. बिनडागी घड्याळापेक्षा मला हे झाकण मोलाचं वाटतं, शौकिनांनी काही म्हणो.

घरी येऊन आईला म्हटलं, “दादांचं घड्याळ सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं.”

ती ज्वारी निवडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “तुझ्या दादाचं कशाचं? माझ्या बापानं धाकली खिल्लारी जोडी इकली व्हती त्यापायी. पुढल्या साली उसन्या बैलांवर पेरलं त्यांनी.”

आमच्या मंडळीत प्रत्येकजण वही ठेवतो. मॉडेल, साल, यंत्राचा नंबर. मी माझ्या वहीत आणखी एक रकाना आखला, ‘कुणी घेतलं, काय मोडून’. पुढच्या रविवारी इतरांनाही विचारलं. एकजण म्हणाला, आजीच्या पाटल्या. दुसऱ्यानं आपलं कोहिनूर उचललं, उलटं करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “आत्याला फोन करून सांगतो.”