क म्हणजे १७९

फोनवर ‘क’ दाबला की ‘क’ उमटतो, यात आता नवल उरलेलं नाही. १९९० च्या आसपास मात्र त्या एका अक्षरासाठी संगणक उघडून आत एक कार्ड खोचावं लागे. त्याचं नाव जिस्ट. मूळ काम झालं कानपूरच्या आयआयटीत. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि मोहन तांबे यांच्यासोबत ते काम तिथे आलं. सी-डॅक म्हटलं की लोकांना परम महासंगणक आठवतो. मला विचाराल तर कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचलं ते जिस्ट.

डॉसवर चालणाऱ्या पीसीला २५६ चिन्हं ठाऊक असत. पहिली १२८ इंग्रजीची. उरलेल्या घरांत युरोपीय अक्षरं, चौकटी आखायच्या रेघा, ग्रीक चिन्हं. इस्की या संकेतप्रणालीने ही वरची घरं भारतीय लिप्यांना दिली. १९९१ साली ती आयएस १३१९४ या नावाने मानक झाली. तिच्यात ‘क’चा आकडा १७९. साध्या पीसीला मात्र १७९ म्हणजे नुसती एक उभी रेघ! जिस्ट कार्ड मध्ये बसून आकड्यांमधून काना, मात्रा, जोडाक्षरं जुळवून पडद्यावर दाखवी. डीबेससारख्या प्रोग्रामला याचा पत्ताही नसे. तो बिचारा आकडे साठवत राही.

सोलापूर-पुणे रस्त्यावर, चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात असं कार्ड असलेला ४८६ माझ्याकडे दुरुस्तीला आला. काही जुन्या कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे दावे नावातल्या फरकामुळे अडकले होते. हाताशी होती ती इंग्रजी यादी. तिच्यातलं के-ए-एल-ई म्हणजे काळे, की काले? खरं हजेरीपत्रक मराठीत, डीबेसमध्ये होतं. त्याची फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडली तर नुसत्या रेघा आणि ग्रीक चिन्हं.

आकड्यांवरून अक्षरं करणारा प्रोग्राम लिहिता येतो, आणि तो मी लिहिलाही. पण तो बरोबर चालला हे ताडून बघायला मूळ पडदा हवा होता. लोकांच्या पैशांचा प्रश्न. अंदाजावर कसं सोडणार?

४८६ ची बॅटरी मेलेली, त्यामुळे आपल्यात कोणती हार्डडिस्क आहे हेही तो विसरला होता. डिस्कवरच्या लेबलावरून सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे हाताने भरले. कार्ड आयसा स्लॉटचं, आणि आजच्या साध्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. म्हणजे ते दुसरीकडे हलवायचीही सोय नाही. कार्डाच्या सोनेरी कडेवर काळा थर चढला होता, तो खोडरबराने घासून काढला. (महागडे फवारे मिळतात. खोडरबर पाच रुपयांचा.) तरीही पडदा गोठायचा. शेजारचं नेटवर्क कार्ड काढलं आणि मशीन चालू झालं. दोन कार्डं एकाच पत्त्यावर हक्क सांगत असली की त्या काळच्या पीसीत असं हमखास व्हायचं.

नावं आली. मग मला सुचलं, लिपी बदलून बघू. इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांचा ‘क’ एकाच घरात राहतो, म्हणून तीच फाइल तेलुगूत किंवा कन्नडमध्ये दाखवता येते. सोलापूरला याहून शोभणारी सोय कोणती? विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू, बाजारात कन्नड, कागदोपत्री मराठी. एक निवृत्त जॉबर चौकशीला आले होते. त्यांनी तेलुगूत स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाले, “एवढी वर्षं हे यात होतं होय?”

युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. म्हणून तुमच्या फोनमध्ये देवनागरी, तेलुगू आणि कन्नड ‘क’ आजही आपापल्या तक्त्यात एकाच क्रमांकाच्या खणात आहेत. कार्ड मात्र विंडोज आल्यावर अडगळीत गेलं.

यादी ताडून झाली. काळे तीन निघाले, काले एक. दावा अडकला होता तो कालेंचा.