मैफलीची अदब आणि छोटा कॅमेरा

मैफलीत गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जशी अदब असते, तशी फोटो काढणाऱ्याचीही असावी. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या इतिहासात मला ती दिसते.

जर्मनीत १९२५ साली छोटा लायका बाजारात आला आणि १९३२ मध्ये त्याला भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर मिळाला. दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की नेम साधला. आत उसळणारा आरसा नाही, त्यामुळे खटक्याचा आवाज अगदी कमी. अमेरिकेत जिम मार्शल यांनी लायका वापरून १९६७चा माँटेरे पॉप महोत्सव टिपला. २००४ मध्ये जपानच्या एप्सनने आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर आणला. तो सहा मेगापिक्सेलचा, पण शटर जुन्या पद्धतीने, हाताने खटका ओढूनच चढवायचे. २००६ मध्ये लायकाचा डिजिटल एम८ आला.

मात्र चोरून टिपणे वेगळे आणि व्यत्यय न आणता टिपणे वेगळे. मार्शल कलाकारांकडून पूर्ण मोकळीक आधीच मागून घेत. आज कव्वालीत पुढच्यांचे फोन उजळतात आणि मागच्यांना कव्वालच दिसत नाही. कॅमेरा कितीही छोटा असो, आधी इजाजत घ्यावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.