कार्ड बसलं, पण ‘कोड 12’ आला? ब्रिजची खिडकी लहान पडली असेल

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, बसवलं, पंखाही फिरला. पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड 12’. कार्ड परत करण्याआधी थांबा. कोड 12 म्हणजे कार्ड बिघडलं असं नाही. त्याला पुरेशी जागा मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही जागा रॅममधली नव्हे, पत्त्यांची. प्रोसेसर काही पत्त्यांवर लिहितो ते रॅममध्ये जातं, काही पत्त्यांवर लिहितो ते कार्डाकडे. आणि कार्डाच्या वाटेत पीसीआय ब्रिज, म्हणजे पूल असतो.

गोंडपिपरीहून आष्टीला जाताना वैनगंगेवरचा पूल कुणालाही ओलांडता येतो. संगणकातला पूल तसा नाही. त्याच्याकडे दोन आकडे लिहिलेले असतात: सुरुवातीचा पत्ता आणि शेवटचा पत्ता. या दोहोंमधला पत्ता असेल तरच तो पलीकडे सोडतो. हीच ‘मेमरी विंडो’. ती 1 एमबीच्या पटीतच उघडते, त्यामुळे पलीकडच्या उपकरणाला 4 केबी पुरत असले तरी खिडकी 1 एमबीची लागते. सुरुवातीचा आकडा शेवटच्यापेक्षा मोठा लिहिला, की खिडकी बंद.

हे आकडे आधी बायोस भरतो, मग कर्नल तपासतो आणि गरज पडल्यास बदलतो. कार्डाला किती जागा हवी हे कळायची युक्ती मजेशीर आहे. कार्डाच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये सगळे बिट 1 लिहायचे आणि परत वाचायचे. खालचे जितके पत्त्याचे बिट शून्यच राहिले, त्यावरून आकार ठरतो. 28 राहिले तर 256 एमबी. लिनक्स ही बेरीज सर्वात आतल्या ब्रिजपासून बाहेर करत येतो आणि पत्ते मात्र बाहेरून आत वाटत जातो.

घोळ होतो तो इथे. साध्या खिडकीला 32 बिटचेच पत्ते चालतात, म्हणजे सगळं 4 जीबीच्या खाली, आणि तिथे आधीच गर्दी. दुसरी ‘प्रीफेचेबल’ खिडकी बहुतेक ब्रिजवर 64 बिटची असते, तिला वर भरपूर मोकळं रान आहे. मोठ्या कार्डांची मेमरी तिथेच जायला हवी. पण बायोसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ बंद असेल तर बायोस वरची जागा वापरतच नाही. आधी तो पर्याय चालू करून पाहा. काही जुन्या बोर्डांवर तो नसतोच.

लिनक्सवर याच वेळी ‘कान्ट असाइन, नो स्पेस’ असा संदेश दिसतो. चालू मशीनमध्ये खिडकी वाढवणं अवघड, कारण शेजारच्या उपकरणांचे ड्रायव्हर आपापले पत्ते धरून बसलेले असतात. म्हणून बूट करताना कर्नलला ‘पीसीआय=रीअलॉक’ हा पर्याय द्यायचा; मग ड्रायव्हर सुरू होण्याआधीच फेरवाटप होतं. चालू मशीनला नंतर जोडायच्या उपकरणांसाठी लिनक्स ब्रिजमागे मुळात 2 एमबीच राखून ठेवतो. बाहेरून जोडलेलं ग्राफिक्स कार्ड अनेकदा अडतं ते यामुळेच.