परवडणारी रायफल आणि शिकारकथेतील अंतर

शिकारकथा वाचताना आपले लक्ष जनावराकडे असते, शिकाऱ्याच्या धैर्याकडे असते, रानाच्या वर्णनाकडे असते. त्याच्या हातातील हत्यार मात्र आपण न वाचताच पुढे जातो. ‘बंदूक’ आणि ‘रायफल’ हे शब्द आपल्या अनुवादांत आणि समीक्षेतही पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. आमच्या मते हे दुर्लक्ष निरुपद्रवी नाही. कोणाच्या हाती कोणते हत्यार येऊ शकत होते, हा शिकारकथेतील सत्तासंबंधांचा पहिला पुरावा आहे आणि तो कथेतच उघडपणे पडलेला असतो.

हा प्रश्न एखाद्या विशिष्ट भूमीवर ठेवून पाहिला पाहिजे. बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात सिरसाळा हे गाव आहे. दक्षिणेला बालाघाटाच्या टेकड्या, उत्तरेला गोदावरीचे खोरे, मध्ये काळी जमीन आणि ज्वारी-कापसाची शिवारे. वाघाच्या शिकारकथांना लागणारे घनदाट अरण्य इथे नाही. लॉर्ड कर्झन १९०२ साली निजामाच्या राज्यात शिकारीला आले आणि राजा दीनदयाळांनी त्या शिकारीची छायाचित्रे टिपली, ती वरंगळकडील रानातली. त्याच राज्याच्या मराठी मुलखातील जनावर वेगळे होते. ते म्हणजे काळवीट. काळविटाचे संरक्षण झाडीत नसून नजरेत आणि पायांत असते. उघड्या माळावर माणूस दिसताच कळप दूर सरकतो. छर्रे उडवणारी बाराबोअरची दुनळी बंदूक चाळीस-पन्नास पावलांपलीकडे फारशी भरवशाची नसते आणि ठासणीच्या बंदुकीचीही तीच मर्यादा. तेव्हा अशा मुलखात लांबून शिकार करू पाहणाऱ्याने कोणते हत्यार घ्यावे, आणि ते त्याला परवडावे कसे?

युरोपात या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले होते. ते उत्तर म्हणजे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. दाराचा अडसर सरकवावा तसा एक पोलादी दांडा मागेपुढे सरकतो. मागे जाताना रिकामे काडतूस बाहेर टाकतो, पुढे येताना नवे नळीत ढकलतो आणि फिरवून खाली दाबला की नळीचे मागचे तोंड घट्ट बंद होते. उमरावांच्या दुनळी रायफलीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कुशल कारागिराला पुन:पुन्हा गोळ्या झाडून नळ्या जुळवाव्या लागत, आणि त्या श्रमाची किंमत प्रचंड असे. बोल्ट-अ‍ॅक्शनला एकच नळी पुरते आणि तिचे भाग यंत्रावर कातता येतात. पण ती स्वस्त होण्याचे खरे कारण निराळे होते. जर्मनीची १८९८ची माउझर असो की ब्रिटनची ली-एनफील्ड, ही सैन्याची हत्यारे होती. लाखो सैनिकांसाठी उभारलेल्या कारखान्यांतून तीच यंत्रणा थोड्या फरकाने शिकाऱ्यालाही विकता येत होती. सैन्याचे हत्यार असल्यामुळेच ती परवडत होती.

हिंदुस्थानात नेमके हेच कारण उलटे झाले. १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना त्यातून दीर्घकाळ सूट होती. या कायद्यात सुधारणा व्हावी ही राष्ट्रीय सभेची जुनी मागणी होती. निजामाच्या राज्याला तो कायदा थेट लागू नव्हता, पण तिथेही बंदूक ही सरकार-दरबाराच्या मर्जीतील माणसाचीच खूण राहिली. पुढची पायरी काडतुसाची. सैन्याच्या कोठारातून चोरलेली काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने सरकारने सैनिकी मापांच्या खासगी रायफलींवर बंदी आणली. १९०७च्या सुमारास .४५० मापावर बंदी येताच ब्रिटिश कारखानदारांनी श्रीमंत शिकाऱ्यांसाठी .४६५, .४७० अशी शेजारची मापे काढली. .३०३ हे तर सैन्याचे चालू माप, त्यामुळे तेही सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर राहिले. जी रायफल सर्वांत अधिक संख्येने बनत होती, तीच प्रजेला वर्ज्य ठरली.

या कोंडीतून .३१५ जन्माला आली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, मानलिखर रायफलीचे. .३०३प्रमाणे त्याच्याही बुडाला कडा असते, म्हणून ली यंत्रणेत ते बसवणे शक्य होते. पण हिंदुस्थानी सैन्याचे काडतूस मात्र त्या रायफलीत चालत नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने अशा रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनवल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने तोच वारसा चालवला आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीत तयार झाली. १९५९चा शस्त्र कायदा १९६२ साली अमलात आला तेव्हाही ‘प्रतिबंधित’ आणि ‘अप्रतिबंधित’ मापांचा भेद कायम राहिला. परदेशी रायफलींची आयात पुढे जवळजवळ थांबली. अशा रीतीने भारतीय नागरिकाची परवडणारी बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे इशापूरची .३१५, हे समीकरण पक्के झाले. ही निवड शिकाऱ्याने केली नव्हती. राज्यकर्त्याच्या भीतीने ती त्याच्यासाठी आधीच करून ठेवली होती.

लांबच्या नेमासाठी ही निवड कितपत योग्य होती? साधे गणित करून पाहू. .३१५ची गोळी सुमारे १६ ग्रॅम वजनाची, नळीतून सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने निघते. हवेचा विरोध धरलाच नाही, तरी ३०० मीटर जायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे १.१५ मीटर खाली येते. सेकंदाला ८२० मीटर वेगाने जाणारी हलकी गोळी त्याच अंतरावर ६६ सेंटिमीटरच खाली येईल. पूर्ण वाढलेल्या काळविटाची खांद्यापाशी उंची ८० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे .३१५ची गोळी जनावराच्या उंचीहून अधिक खाली उतरते. हवेच्या विरोधाने ही घसरण आणखी वाढते. दूरच्या अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी जनावर जखमी होऊन कुठेतरी झुडपात मरायचे. जड गोळीचा घाव जवळून जबर बसतो, यात शंका नाही. पण माळावरच्या लांब पल्ल्यासाठी ती घडलेली नव्हती.

हे ध्यानात घेतले की शिकारकथांचे वाचन बदलते. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी ही माउझर यंत्रणेवरची बोल्ट-अ‍ॅक्शन आपल्या शिकारवाचनातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध रायफल. ती चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली त्यांना प्रांताच्या नायब राज्यपालांकडून भेट मिळाली होती. कॉर्बेटचे धैर्य आणि रानाविषयीची त्यांची समज यांना याने बाध येत नाही. पण त्या कथेत परवडण्याचा प्रश्न का उद्भवत नाही, हे मात्र कळते. उलट मराठवाड्याच्या माळावर काळवीट पकडणाऱ्या पारध्याला रायफलीची गरजच नव्हती. फासेपारधी फासे लावीत, गायपारधी शिकवलेल्या गायीच्या आडून कळपाजवळ जात. गोळीने जे अंतर तोडायचे, ते त्यांनी कौशल्याने तोडले होते. त्यांच्या वाट्याला गुन्हेगार जमातीचा शिक्का आला आणि तो कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली निघाला. रायफलवाला ‘शिकारी’ आणि फासेवाला ‘गुन्हेगार’, हा भेद आपल्या वाङ्मयीन शब्दकोशातही शिरलेला आहे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण दिले आणि छंदाची शिकार संपली. व्यंकटेश माडगूळकर हे तरुणपणी शिकारीचा नाद असलेले लेखक. त्यांनी वानरांच्या टोळ्यांवर लिहिलेले ‘सत्तांतर’ १९८२ साली आले. प्राण्याकडे लांबून पाहण्याची शिकाऱ्याची शिस्त तिथे टिकली आहे, फक्त हत्यार गळून पडले आहे.

वास्तवात मात्र हत्यार गळून पडले नाही. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली. त्यांची संख्या बाराशेच्या वर असल्याचे समोर आले आणि प्रशासनाला परवाने रद्द करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. ज्या जिल्ह्यात कायद्याने शिकार करता येत नाही, तिथे इतकी शस्त्रे कशासाठी, याचे उत्तर कागदावर ‘आत्मसंरक्षण’ असे असते. आम्हांला त्यात जुनी खूणच दिसते. सरकार-दरबारी वजन असलेल्याच्या खांद्यावर बंदूक आणि बाकीच्यांनी ती पाहायची. विद्यार्थ्यांनी शिकारकथा पुन्हा हाती घ्यावी ती यासाठी. कथेत बंदूक निघाली की आधी विचारावे, परवाना कोणाच्या नावावर आहे.