ठासणीच्या बंदुकीचा बार
१८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. तिरकमठ्यास सरावलेल्या हातांना ठासणीच्या बंदुकीची कवाईत शिकविण्यात आली. या बंदुकीच्या नळीस आतून पेच नसत आणि गोळी नळीहून किंचित लहान असे. त्यामुळे दारू वाढविल्यास धक्का वाढे. नेम सुधारत नसे. म्हणून हरणाच्या शिकारीत बाराच्या वजनापेक्षा सावजाच्या निकट जाण्याचे कसब मोलाचे होते, आणि ते तिरकमठ्याने आधीच शिकविले होते. ‘बार’ हा शब्द फारसी. मूळ अर्थ ओझे. मराठीत तो बंदुकीतील भरतीस व तिच्या स्फोटासही लागला. १८७८ च्या कायद्याने शस्त्रांवर परवाना आला, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. मापाची ती विद्या लोपली. तिची खूण ‘फुसका बार’ या वाक्प्रचारात तेवढी उरली आहे.