पुलावरून उडणारी गोधडी

गोधडी म्हटलं की आपल्याला आजी आठवते, फार तर थंडी. म्युझियम काही आठवत नाही. पण न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाकडे एक गोधडी आहे आणि तिच्यावर चक्क शहरातला पूल आहे!

नाव 'टार बीच', साल १९८८, करणारी फेथ रिंगगोल्ड (१९३०-२०२४). हार्लेममधली डांबरी गच्ची, रात्रीची वेळ. मोठी माणसं पत्ते कुटताहेत, पोरं गादीवर लोळताहेत, आणि त्यातलीच आठ वर्षांची कॅसी मागच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडते आहे. मधलं चित्र कॅनव्हासवर रंगवलेलं, भोवती छापील कापडाच्या तुकड्यांची किनार, आणि पट्ट्यांवर हाताने लिहिलेली गोष्ट. सगळं मिळून साधारण १९० बाय १७४ सेंटीमीटर.

गोष्ट काल्पनिक, पूल खरा, १९३१ मध्ये सुरू झालेला. कॅसी म्हणते, पूल माझा! तिचा बाप त्याच्या बांधकामावर होता, पण वर्णामुळे कामगार संघटनेत त्याला जागा नव्हती.

आणि हे सगळं गोधडीवर का? तर रिंगगोल्डच्या आत्मचरित्राला प्रकाशक मिळेना. मग १९८३ पासून तिने कापडाचाच कागद केला. गोधड्या शिवणं घरात गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेलं. पहिली गोधडी तिने १९८० मध्ये आईबरोबर केली. आत्मचरित्र छापून यायला १९९५ उजाडलं.

आता आमच्या कारंज्याला या. लाडांचं नव्हे, घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यातलं. इथल्या गोधडीवर चित्र नसतं. खाली जुनं लुगडं, मध्ये धोतर-चादरींचे थर, आणि कडेकडून आत आत जाणारा धावदोरा. कुठला तुकडा कोणाचा हे शिवणारीला पाठ. तिच्यानंतर कोणालाच वाचता येत नाही. डॉक्युमेंटेशन शून्य!

पुलाचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यात पुलगाव आहे. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि गावाला नावच ते पडलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईकडे धावू लागला. पूल बांधणाऱ्या मजुरांची नावं मात्र आम्हाला शाळेत कोणी सांगितली नाहीत. त्यांच्याही घरी गोधड्या असणारच. एखादीने पूल शिवला असता तरी कधीच चिंध्या झाल्या असत्या म्हणा. आपली गोधडी पांघरून संपवायची वस्तू.

आज कोणी पुलगावची गोधडी करायला घेतली, तर रुळांना लुगड्याचे गडद काठ चालतील, नदीला फिका निळा सुती तुकडा. किनारीच्या पट्टीवर लिहायला मात्र आधी नावं शोधावी लागतील.